शाळा मिळाली, जागा मिळाली नाही : ‘डफरिन’ जहाज, १९४६चे नाविक आणि समाजाचा पाठिंबा

धागा. मोठा आहे, सवडीने वाचावा.

४ डिसेंबर २०२३ रोजी नौदल दिन मालवणात, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या साक्षीने साजरा झाला. तारकर्लीच्या वाळूत उभे राहून हजारो लोकांनी युद्धनौका पाहिल्या, टाळ्या वाजवल्या, मुलांना खांद्यावर घेऊन विमाने दाखवली. अशा प्रसंगांनंतर एक विधान हमखास ऐकू येते. मराठी समाजाला, किंबहुना भारतीय समाजालाच, समुद्राची ओढ नाही. शिवछत्रपती आणि कान्होजी आंग्रे यांच्यानंतर आपण समुद्राकडे पाठ फिरवली, असे ते विधान.

विसाव्या शतकातील मुंबई बंदराचा इतिहास पाहिला, तर हे विधान फारसे टिकत नाही. समाज समुद्राकडे पुन्हा पुन्हा वळला. त्याने पोरे पाठवली, पैसा उभा केला, प्रसंगी रस्त्यावर रक्तही सांडले. अडचण निराळ्याच ठिकाणी होती. शिकून तयार झालेल्या पोराला जहाजावर जागा कोण देणार, आणि जहाजावरून उतरलेल्या पोराला जमिनीवर जागा कोण देणार, या दोन प्रश्नांपाशी गाडी दर वेळी अडली.

पहिल्या प्रश्नाची गोष्ट माझगावसमोरच्या पाण्यात घडली.

१९२७ सालच्या अखेरीस तेथे एक जुने जहाज शाळा म्हणून कायमचे नांगरून ठेवण्यात आले. नाव ‘डफरिन’. इंग्लंडमधील बॅरो येथे विकर्स कंपनीने १९०४ च्या सुमारास बांधलेले हे रॉयल इंडियन मरीनचे सैन्यवाहू जहाज. पलटणी वाहून नेण्याचे त्याचे आयुष्य संपले आणि त्याच्या डेकवर देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून आलेली, मिसरूडही न फुटलेली मुले रांगेत उभी राहिली. तीन वर्षे जहाजावरच राहायचे, डेक धुवायचा, होड्या वल्हवायच्या, दोरांच्या गाठी शिकायच्या, गणित आणि नौकानयन शिकायचे, आणि शेवटी व्यापारी जहाजांवर अधिकारी व्हायचे, अशी ती योजना होती.

‘अधिकारी’ हा शब्द येथे कळीचा आहे. जहाजांवर हिंदी माणसे नव्हती असे मुळीच नव्हते. ब्रिटिश कंपन्यांची जहाजे चालत होती तीच मुळी हिंदी खलाशांच्या जोरावर. डेकवर रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान, इंजिनच्या भट्टीपुढे सिल्हेटकडचे बंगाली, भोजनगृहात आणि स्वयंपाकघरात गोव्याचे ख्रिस्ती, अशी वाटणी पिढ्यान्‌पिढ्या ठरून गेलेली. सारंग, टंडेल, सुकाणी या पायऱ्या त्यांना खुल्या होत्या. सारंगाच्या वरची पायरी मात्र गोऱ्या माणसाची. चाळीस वर्षे समुद्र प्यालेला सारंगही काल आलेल्या वीस वर्षांच्या इंग्रज अधिकाऱ्यापुढे नोकरच असे.

या खलाशांच्या मागे त्यांचा समाज कसा उभा होता, हे पाहायचे तर मुंबईतील गोवेकरांच्या ‘कूड’ या संस्थेकडे पाहावे. कूड म्हणजे खोली. गोव्यातील एकेका गावाने धोबीतलाव, माझगाव या भागांत भाड्याने किंवा विकत जागा घेऊन आपापल्या गावच्या माणसांसाठी ही वसतिस्थाने चालवली. एक जहाज सोडून दुसऱ्याची वाट पाहणाऱ्या खलाशाने तेथे यावे, भिंतीशी आपली पेटी ठेवावी, नाममात्र वर्गणी द्यावी, संध्याकाळी गावच्या संताच्या मूर्तीपुढे सर्वांबरोबर प्रार्थनेला बसावे आणि नव्या जहाजाची बातमी लागेपर्यंत निर्धास्त राहावे. नवखा पोरगा गावाहून आला की त्याला कोणत्या कचेरीपुढे कोणत्या वेळी उभे राहायचे हे कुडीतलाच कोणीतरी अनुभवी माणूस सांगे. या संस्थांवर कोणी पोवाडे रचले नाहीत. पण सागरी सेवेला समाजाचा पाठिंबा म्हणजे व्यवहारात काय, याचे याहून नेमके उदाहरण सापडणे कठीण आहे.

कुडीला जे जमण्याजोगे नव्हते ते म्हणजे सारंगाच्या वरचे दार उघडणे. तो प्रश्न राजकारणाचा होता आणि तो कायदेमंडळात गेला. १९२२ साली सर पी. एस. शिवस्वामी अय्यर यांनी केंद्रीय विधानसभेत हिंदी व्यापारी नौकादलाचा ठराव मांडला. त्यातून समिती नेमली गेली. रॉयल इंडियन मरीनचे संचालक कॅप्टन हेडलम तिचे अध्यक्ष होते. १९२४ मध्ये आलेल्या तिच्या अहवालात दोन शिफारशी महत्त्वाच्या होत्या. एक, हिंदी मुलांसाठी प्रशिक्षण जहाज असावे. दुसरी, हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरील वाहतूक टप्प्याटप्प्याने हिंदी मालकीच्या जहाजांसाठी राखून ठेवावी.

सरकारने पहिली शिफारस स्वीकारली आणि दुसरी बाजूला ठेवली.

या एका निर्णयावर जरा थांबायला हवे, कारण पुढची सारी कथा त्यातून निघते. प्रशिक्षण जहाज देणे सोपे होते. एक निवृत्त जहाज, काही शिक्षक, दरवर्षी दीक्षान्त समारंभ, व्हाइसरॉयच्या नावाचे सुवर्णपदक. त्यात कोणाचे नुकसान नव्हते आणि ‘हिंदी तरुणांना संधी दिली’ असे सांगता येत होते. किनारपट्टी राखून ठेवणे म्हणजे ब्रिटिश इंडिया आणि पी अँड ओ या बलाढ्य कंपन्यांच्या नफ्यात हात घालणे. ते सरकारला करायचे नव्हते. १९२८ साली साराभाई नेमचंद हाजी यांनी याच राखीवतेसाठी विधेयक आणले. तेही तडीस गेले नाही. परिणाम असा की शाळा उघडली, पण त्या शाळेतून बाहेर पडणाऱ्यांना घेण्याचे बंधन कोणावरही नव्हते. ब्रिटिश कंपन्यांना हिंदी खलाशी हवे होते, हिंदी अधिकारी नको होते. तीन वर्षे घासूनपुसून तयार केलेला कॅडेट बंदरावर उभा, आणि समोरून जाणाऱ्या बहुतेक जहाजांना तो दिसतच नाही, अशी ती अवस्था.

ज्यांनी त्याला घेतले त्यांत सर्वांत ठळक नाव सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचे. सोलापूरचे वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी आदींनी १९१९ मध्ये स्थापन केलेली ही कंपनी. ५ एप्रिल १९१९ रोजी तिचे ‘लॉयल्टी’ हे जहाज मुंबईहून लंडनला निघाले. राष्ट्रीय सागरी दिन त्याच तारखेला साजरा होतो. ब्रिटिश कंपन्यांनी भाडी पाडून तिला बुडवण्याचा प्रयत्न केला, ती टिकली, आणि ‘डफरिन’च्या मुलांना तिने आपल्या जहाजांवर जागा दिल्या.

हे देशभक्तीपोटी झाले की धंद्याच्या हिशेबाने? दोन्ही. सिंदियाला अधिकारी हवेच होते, आणि हिंदी अधिकाऱ्यांनी चालवलेली हिंदी कंपनी हा सरकारपुढे मांडण्याचा उत्तम युक्तिवादही होता. वालचंद हिराचंद हे संत नव्हते, मुरलेले उद्योजक होते. पण एखाद्या तरुणाच्या दृष्टीने पाहिले तर मालकाचा हेतू काय होता याला फारसे महत्त्व उरत नाही. त्याला जहाज मिळाले. जहाजावर घालवलेल्या महिन्यांची नोंद झाल्याशिवाय अधिकाऱ्याची परीक्षा देता येत नाही. ती नोंद त्याला मिळाली. सिंदियाचे समभाग घेणाऱ्या सामान्य भागधारकाने त्या मुलाचे तोंडही पाहिले नसेल, पण त्याच्या पैशाने त्या मुलाचे आयुष्य उभे राहिले.

(याच काळात कोकण किनाऱ्यावर एका स्वदेशी सहकारी कंपनीला लोक प्रेमाने ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणत. ‘तुकाराम’, ‘रामदास’ अशी तिच्या बोटींची नावे. ‘रामदास’ बोट १७ जुलै १९४७ रोजी रेवसच्या वाटेवर बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली, एवढेच आज बहुतेकांना आठवते. तिच्या मागे असलेली ‘माझी’ ही भावना विसरली गेली. तो स्वतंत्र धाग्याचा विषय आहे.)

‘डफरिन’च्या पहिल्याच तुकडीतील एका मुलाचे नाव रामदास कटारी. उत्तीर्ण होऊन त्याने कलकत्ता बंदराची नोकरी धरली. दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा नौदलाला अधिकाऱ्यांची निकड भासली आणि अशा प्रशिक्षित तरुणांना लष्करी गणवेश मिळाला. एप्रिल १९५८ मध्ये हेच कटारी भारतीय नौदलाचे पहिले भारतीय प्रमुख झाले. म्हणजे स्वतंत्र भारताच्या नौदलाचा पहिला देशी प्रमुख ज्या शाळेत घडला ती शाळा नौदलासाठी काढलेलीच नव्हती. ती व्यापारी जहाजांसाठी होती. वसाहतीच्या सरकारने ती टाळता येईना म्हणून दिली होती, आणि तिच्यातून निघालेल्यांना तगवून धरण्याचे काम देशी कंपन्यांनी व बंदरांनी केले होते. सागरी शक्ती युद्धनौकांच्या संख्येने मोजणाऱ्यांनी या वळणाचा विचार अवश्य करावा.

आता दुसरा प्रश्न. तो याच बंदरात, माझगावपासून थोड्याच अंतरावर, फेब्रुवारी १९४६ मध्ये उभा राहिला.

युद्धाच्या आरंभी रॉयल इंडियन नेव्हीचे मनुष्यबळ दोन हजारांच्या आत होते. युद्ध संपले तेव्हा ते तीस हजारांच्या आसपास पोहोचले होते. ही भर बहुतांशी कोवळ्या, शिकलेल्या मुलांची होती. भरतीच्या जाहिरातींनी पगाराची, कौशल्याची, उज्ज्वल भवितव्याची आश्वासने दिली होती. प्रत्यक्षात निकृष्ट अन्न, गोऱ्या नाविकांपेक्षा कमी वेतन आणि अधिकाऱ्यांच्या शिव्या वाट्याला आल्या. १८ फेब्रुवारी रोजी कुलाब्याच्या ‘तलवार’ या संदेशवहन प्रशिक्षण केंद्रातील नाविकांनी जेवण आणि काम दोन्ही नाकारले. दोन दिवसांत उठाव मुंबईतील जहाजांवर, कराचीपर्यंत आणि इतर तळांवर पसरला. बलाई चंद्र दत्त, एम. एस. खान, मदन सिंग ही नावे इतिहासप्रेमींना परिचित असतीलच.

नाविकांच्या मध्यवर्ती समितीच्या मागण्यांची यादी पाहिली तर ती दोन भागांची दिसते. राजकीय कैद्यांची आणि आझाद हिंद सेनेच्या सैनिकांची सुटका, इंडोनेशियातून हिंदी फौजा परत बोलावणे, या मागण्या पाठ्यपुस्तकांत येतात. त्याच यादीत आणखी एक मागणी होती : सेवामुक्ती लवकर व्हावी आणि शांतताकाळात योग्य नोकरी मिळावी. ही ओळ सहसा गाळली जाते, कारण ती क्रांतीच्या चित्रात शोभून दिसत नाही. वास्तविक ती यादीतील सर्वांत मानवी ओळ आहे. विशी-बाविशीतील पोरे साम्राज्याला आव्हान देत होती, आणि त्याच वेळी ‘उद्या घरी गेल्यावर काय?’ हेही विचारत होती.

२१ फेब्रुवारी रोजी कॅसल बॅरॅक्सवर चकमक उडाली. ॲडमिरल गॉडफ्रे यांनी नभोवाणीवरून धमकी दिली की प्रसंगी नौदल नष्ट झाले तरी चालेल, पण बंड मोडले जाईल. जहाजांवरचे अन्न संपत आले होते. तेव्हा मुंबईचे लोक गेटवे ऑफ इंडियापाशी अन्न घेऊन आले. दुकानदारांनी नाविकांना हवे ते न्यायला सांगितले. होड्यांतून ते सामान जहाजांकडे गेले. दुसऱ्या दिवशी, २२ तारखेला, गिरण्या बंद पडल्या. काँग्रेसच्या आणि लीगच्या ज्येष्ठ नेत्यांचा या हरताळाला पाठिंबा नव्हता. कम्युनिस्ट पक्षाने हाक दिली होती आणि अरुणा असफअली, अच्युत पटवर्धन यांच्यासारखे समाजवादी बाजूने उभे होते. परळ भागात गोळीबार झाला, त्यात कमल दोंदे मृत्युमुखी पडल्या. त्या दोन-तीन दिवसांत मुंबईच्या रस्त्यांवर दोनशेहून अधिक माणसे मेली. मेलेल्यांत बहुतांश सामान्य नागरिक होते, ज्यांचा समुद्राशी संबंध फार तर चौपाटीपुरता असेल.

काही अभ्यासक म्हणतील की हा पाठिंबा नौदलाला नव्हता. तो इंग्रजांविरुद्धचा रोष होता, नाविक निमित्त ठरले. आक्षेप खोटा नाही. परंतु परळच्या गिरणीत काम करणाऱ्या अनेकांचे भाऊ, पुतणे, गाववाले जहाजांवर होते. कोकणातील घरांत एक मुलगा गिरणीत आणि एक बोटीवर ही नेहमीची विभागणी. त्यांना बंदरातील पोरे परकी वाटण्याचे कारण नव्हते.

२३ फेब्रुवारीला नाविकांनी शरणागती पत्करली. वल्लभभाई पटेलांनी सूडबुद्धीने शिक्षा होऊ देणार नाही असे आश्वासन दिले होते. प्रत्यक्षात चारशेहून अधिक नाविकांना सेवेतून काढण्यात आले, कित्येकांनी कैद भोगली. दीड वर्षात स्वातंत्र्य आले, दोन नौदले झाली, आणि दोघांपैकी एकानेही त्यांना पुन्हा सामावून घेतले नाही. शिस्त मोडलेला नाविक नव्या सरकारलाही नको होता. त्या निर्णयामागचे तर्कशास्त्र समजू शकते. नवे राष्ट्र बंडाला बक्षीस देऊन सैन्य उभारू शकत नाही असे त्यांना वाटले असणार. तरीही या तरुणांना नौदलाबाहेर, बंदरांत, रेल्वेत, गोदीत जागा देणे शक्य होते. कोणी आग्रह धरला नाही. तीन दिवस ज्या शहराने त्यांच्यासाठी प्राण दिले, ते शहर चौथ्या दिवशी कामावर परतले.

यात मुंबईकरांना दोष देण्याचा हेतू नाही. हरताळ करणारा गिरणी कामगार कोणाला नोकरी देणार होता? ज्यांच्या हाती नोकऱ्या होत्या, त्या कंपन्या, बंदर मंडळे आणि लवकरच सत्तेवर येणारे पुढारी यांनी ते केले नाही. १९२७ नंतरच्या ‘डफरिन’च्या मुलांपाशी सिंदिया होती. १९४६च्या नाविकांपाशी कुलाब्यातील एक स्मारक आहे, तेही अर्धशतक उलटल्यावर उभारलेले.

स्वातंत्र्यानंतर युवकांसाठी योजना आल्या आणि त्या मोलाच्या आहेत. कुंझरू समितीच्या शिफारशींवरून १९४८ मध्ये राष्ट्रीय छात्रसेना स्थापन झाली, १९५२ मध्ये तिची नौदल शाखा निघाली. त्याहीपूर्वी, १९३८ मध्ये, गोकुळदास आहुजा यांनी कराचीत मुलांसाठी सागरी प्रशिक्षणाची स्वयंसेवी चळवळ सुरू केली होती. फाळणीनंतर ती मुंबईत आली आणि सी कॅडेट कोअर म्हणून कुलाब्याच्या ‘जवाहर’ या केंद्रातून आजही चालते. पूर्वीचे कॅडेट मोठे होऊन नव्यांना शिकवतात. कुडीची परंपरा कोठे जिवंत असेल तर ती येथे. १५ ऑगस्ट २०२० रोजी सीमावर्ती आणि किनारी अशा १७३ जिल्ह्यांत छात्रसेनेच्या विस्ताराची घोषणा झाली, एक लाख नवे छात्र, त्यांत एकतृतीयांश मुली. रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गातील शाळांना याचा लाभ होणार असेल तर त्याचे स्वागतच आहे.

पण गणवेश मिळणे ही पहिली शिफारस झाली. दुसरीचे काय?

आजही नेरूळच्या ‘चाणक्य’मध्ये, जी ‘डफरिन’ आणि तिच्यानंतरच्या ‘राजेंद्र’ जहाजाची वारस आहे, प्रवेश मिळणे प्रतिष्ठेचे मानले जाते. देशभर खाजगी सागरी संस्थाही निघाल्या आहेत. कर्ज काढून अभ्यासक्रम पूर्ण केलेला मुलगा प्रशिक्षणार्थी म्हणून जहाजावर जागा मिळावी यासाठी महिनोन्‌महिने कंपन्यांच्या पायऱ्या झिजवतो, दलालांच्या हाती लागतो. शंभर वर्षांत जहाजे बदलली, बंदरावर उभा असलेला कॅडेट मात्र तसाच उभा आहे. आणि २०२२ पासून नौदलात अग्निवीर येऊ लागले. चार वर्षांच्या सेवेनंतर त्यांतील २५ टक्क्यांपर्यंत कायम होतील, उरलेले विशी-बाविशीत गावी परततील. योजनेच्या लष्करी बाजूवर मतभेद आहेत आणि राहतील. पण १९४६च्या यादीतली ती दुर्लक्षित ओळ या मुलांच्या तोंडी केव्हाही येऊ शकते, हे इतिहास वाचणाऱ्याच्या लक्षात यायला हवे. त्यांच्या जिल्ह्यातील कारखाना, सहकारी बँक, मच्छीमार संस्था, बंदर यांनी त्यांच्यासाठी आताच जागा धरून ठेवल्या आहेत का, हे विचारण्याची वेळ नौदल दिनाच्या टाळ्यांच्या आधीची आहे.

हे अशक्य कोटीतले नाही, याचा पुरावाही उपलब्ध आहे. २००४ मध्ये भारतीय नौवहन कंपन्यांना टनेज कराची सवलत देण्यात आली तेव्हा त्या बदल्यात एक अट घालण्यात आली : सवलत हवी असेल तर ठरावीक प्रमाणात प्रशिक्षणार्थींना जहाजावर घ्यावे लागेल. शाळेबरोबर जागाही, असे लेखी बंधन कंपन्यांवर आले ते ‘डफरिन’ माझगावला नांगरल्यानंतर ७७ वर्षांनी. ते केवळ सवलत घेणाऱ्या भारतीय कंपन्यांपुरते आहे. परदेशी ध्वजाखाली फिरणाऱ्या आणि भारतीय अधिकाऱ्यांवर चालणाऱ्या असंख्य जहाजांना ते लागू नाही.